बारशाआधीचा मोडेम

रेवतीला मुलगी झाली तो बुधवार होता. बारावा दिवस रविवारी येत होता, सगळ्यांना सुट्टी होती, त्यामुळे बारशाच्या तारखेवर दोन्ही घरांत कुणाचंच दुमत झालं नाही. दोन हजार तीन सालात मुलुंड आणि बोरिवली यांचं इतक्या चटकन जमलं अशी ही एकच गोष्ट. नावाचं मात्र जमलं नव्हतं.

मुलुंड म्हणजे रेवतीचं माहेर, बोरिवली सासर. बोरिवलीला उत्तराबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नाव कधीच ठरवून ठेवलं होतं. जानकी. त्यांच्या स्वतःच्या सासूबाईंचं. रेवतीला त्या नावात काही खोट दिसत नव्हती. पण पाचव्या महिन्यात तिचा नवरा देवव्रत तिला सोडून जहाजावर गेला, तेव्हा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या एक करार झाला होता. मुलगा झाला तर नाव रेवतीने ठेवायचं, मुलगी झाली तर त्याने. "आणि आधी तुला सांगणार, मग बाकीच्यांना," असं तो डब्यातला शेवटचा चिवडा संपवत म्हणाला होता.

देवव्रत मालवाहू जहाजावर इंजिनीयर होता. मुलगी तीन महिन्यांची होईपर्यंत तो काही येत नव्हता. तोवर आंघोळ दुसरे घालणार, अंगाई दुसरे म्हणणार, दृष्ट दुसरे काढणार. एक नाव तेवढं समुद्रातून पाठवता येण्यासारखं होतं, आणि ते तरी त्याचं असावं, असं रेवतीला फार वाटत होतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही. बाळंतिणीच्या वाटण्याला तसंही कुणी विचारत नाही, तिला डिंकाचा लाडू देतात.

मुलगी झाल्याचा निरोप कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसातून जहाजावर गेला. उलट उत्तर आलं, ते ऑफिसातल्या बाईंनी फोनवर वाचून दाखवलं. "निरोप मिळाला. आनंद झाला. जहाज मंगळवार ते शनिवार अँटवर्प बंदरात. नाव ईमेलने कळवतो." त्यातलं 'आनंद झाला' त्यांनी वीजबिलाची शेवटची तारीख सांगावी तशा आवाजात वाचलं.

उत्तराबाईंचंही म्हणणं सरळ होतं. "शनिवारपर्यंत त्याचं नाव आलं तर चांगलंच. नाही आलं तर पाळण्यावर जानकी. बाराव्या दिवशी पोर बिननावाची ठेवायची नाही."

यात अन्याय कुठेच नव्हता. फक्त ईमेल बघायचं राहिलं होतं.

मुलुंडच्या घरात कॉम्प्युटर होता. रेवतीचा धाकटा भाऊ केतन याचा. तो जूनमध्ये नोकरीला बंगळूरला गेला, आणि जाता जाता त्याने कॉम्प्युटरमधून विंडोज काढून लिनक्स घालून ठेवलं. एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या तीन सीड्या होत्या. "आता व्हायरसची कटकट गेली," असं सांगून तो गाडीत बसला. व्हायरसची कटकट खरंच गेली. इंटरनेटही गेलं, पण बाबांना पेपर पुरत असल्यामुळे ते चार महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी केतनचा फोन आला.

"ताई, ते मोडेम ना, अर्धंच मोडेम आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे कार्ड स्वस्तातलं आहे. अर्धं काम ते करतं, उरलेलं अर्धं विंडोजने करायचं असतं."

"आणि विंडोज कुठाय?"

"मी काढलं ना."

"मग?"

"मग लिनक्ससाठी त्याचा वेगळा ड्रायव्हर, म्हणजे मोडेम चालवणारा प्रोग्राम, येतो. झकास चालतो. फक्त नेटवरून उतरवून घ्यायचा."

"केतन," रेवती म्हणाली, "नेट चालू करायला मला नेट लागणार?"

"एकदाच," केतन म्हणाला.

नाक्यावर सायबर कॅफे होता, हे खरं. पण रेवतीला सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं, आणि या बाबतीत आईशी बोलण्यात अर्थ नव्हता. आईने तिच्या कानांत कापसाचे बोळे घातले होते, वर लोकरी स्कार्फ बांधला होता, आणि खोलीच्या खिडकीच्या फटी जुन्या ओढणीने बुजवल्या होत्या. बाबा, म्हणजे नंदकिशोर, जायला तयार होते. "तू मला पासवर्ड दे, मी ईमेल छापून आणतो," असं ते म्हणाले. बाबा भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, कुठलाही कागद जसाच्या तसा आणायची त्यांना सवय होती. पण पासवर्ड म्हणजे देवव्रत रेवतीला एकटीला ज्या नावाने हाक मारायचा ते नाव होतं. ते वडिलांना सांगायचं, वर त्याचं स्पेलिंग सांगायचं, वर 'शेवटी दोन ओ' असं बजावायचं, यापेक्षा मोडेम चालू करणं सोपं, असं तिला रविवारी वाटलं. मंगळवारी तसं वाटेना, पण तोवर ती नाही म्हणून बसली होती.

तेव्हा बाबा सायबर कॅफेत गेले ते ड्रायव्हर आणायला. खिशात तीन फ्लॉपी आणि केतनने सांगितलेलं, रेवतीने लिहून दिलेलं लांबलचक नाव. सोमवारी ते हात हलवत परत आले.

"मिळाला नाही?"

"मिळतोय. पण तो कॅफेवाला विकी विचारतो, सोर्स पाहिजे की बायनरी. मी म्हटलं, घरी विचारून येतो."

बाजारात आईने मेथी सांगितली आणि मेथी नसली, तर पालक घेऊ का हे विचारायला ते असेच परत यायचे. संध्याकाळी केतनला विचारलं. तो म्हणाला, सोर्स. सोर्स म्हणजे कच्चा माल, त्याचा ड्रायव्हर घरच्या कॉम्प्युटरवर शिजवून घ्यायचा. मंगळवारी बाबांनी सोर्स आणला, तीन फ्लॉपींवर तुकडे करून, आणि प्रत्येक फ्लॉपीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'ड्रायव्हर, कच्चा, १/३.'

आता रेवतीला वेळ कधी मिळायचा ते सांगायला हवं. सकाळी शेवंताबाई यायच्या. त्यांचं नाव शेवंती, पण सगळी बिल्डिंग त्यांना शेवंताबाई म्हणायची. त्या बाळाला आणि बाळाच्या आईला एकाच जोराने मालीश करायच्या. मग कढत आंघोळ, मग वेखंड-ओव्याची धुरी, मग शेगडीचा शेक. अकरा वाजेपर्यंत रेवती पूर्ण भाजून निघालेली असायची. संध्याकाळी पाचपासून बाळ रडायला बसायचं आणि बघायला येणारे बघायला बसायचे, नेमके कॉम्प्युटरच्याच खोलीत. शिवाय संध्याकाळी फोनची लाइन मोकळी हवी, कारण नेट फोनच्याच लाइनवरून जोडायचं, आणि केतनही त्याच लाइनवर सांगणार. तो सांगत असताना करून बघता यायचं नाही, आणि करून बघताना तो सांगू शकायचा नाही.

उरली दुपार. दोन ते चार. बाळ झोपायचं, बाबा झोपायचे, आई हॉलमध्ये दिवाणावर आडवी व्हायची. त्या दोन तासांत घर इतकं शांत असायचं की रेवतीला वाटायचं, हे सगळं जग आपल्याच सोयीसाठी थांबलंय. बाळ दवाखान्यातून घरी आलं त्या शनिवारी हॉलमधला फोन खणखणला होता आणि बाळाने दोन्ही हात वर फेकून असा काही टाहो फोडला होता, की शेजारच्या गंधालीवहिनी लाटणं हातात घेऊन धावत आल्या होत्या. त्यानंतर दुपारी एकदाही फोन वाजला नाही. बाळंतिणीची कदर असलेली माणसं अजून आहेत, असं रेवतीच्या मनात आलं.

मंगळवारी दुपारी तिने ड्रायव्हर शिजायला लावला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या, आणि शेवटी कळलं की कॉम्प्युटरमधलं लिनक्स आणि ड्रायव्हरला हवं असलेलं लिनक्स यांत एका आकड्याचा फरक आहे. मासिकाच्या तिसऱ्या सीडीवर योग्य आकडा होता. ती सीडी रद्दीत गेली नव्हती, कारण आईने ती कबुतरं घाबरावीत म्हणून गॅलरीत टांगली होती. बाबांनी ती सोडवली, साबणाने धुतली, पुसली. ती चालली. केतन म्हणाला, अशक्य आहे. पण चालली.

बुधवारी मांडीवर बाळ घेऊन, एका हाताने टाइप करत, रेवतीने ड्रायव्हर पुन्हा शिजवला. या वेळी एकही चूक आली नाही. तिने केतनने सांगितलेली आज्ञा दिली. पडद्यावर आलं, मोडेम सापडलं. तिला रडूच आलं. बाळंतपणानंतर ते कशानेही येतं, त्यामुळे तिने ते मनावर घेतलं नाही. तिने डायल केलं.

पडद्यावर उत्तर आलं. 'नो डायलटोन.'

"म्हणजे मोडेमला लाइनवर टोन ऐकू येत नाहीये," संध्याकाळी केतन म्हणाला. "तुला ऐकू येतो का स्पीकरमधून?"

"माझ्या कानात कापूस आहे."

"काढ ना."

"आईला सांग तू."

केतन आईला काही बोलला नाही. "आपल्याकडचा टोन वेगळा असतो, या मोडेमला कळत नाही," असं तो म्हणाला, आणि टोनची वाट न बघता नंबर फिरवायची एक आज्ञा त्याने सांगितली. रेवतीने ती आईच्या पाककृतींच्या वहीत, अळिवाच्या खिरीखाली लिहून घेतली. गुरुवारी दुपारी तसं केलं. मोडेमने वाट न बघता नंबर फिरवला. 'नो कॅरियर.' म्हणजे पलीकडे कुणी उचलत नाही.

शुक्रवारी केतनच्या सांगण्यावरून जुन्या फोनसारखा टकटक करत नंबर फिरवून बघितला. सगळा ड्रायव्हर काढून पुन्हा शिजवला. बाबांनी केतनच्या खोलीतली फोनची वायर हॉलपर्यंत भिंतीला हात लावून तपासली, वाटेत सुटलेले दोन खिळे ठोकायला घेतले आणि बाळ झोपलंय म्हणून हळूच परत ठेवले. नो कॅरियर. नो डायलटोन. नो कॅरियर.

"वाट लागली, यार," केतन संध्याकाळी म्हणाला. "ताई, ड्रायव्हरच गंडलाय. कार्ड बदलावं लागेल."

"बारसं परवा आहे."

"मग जानकी काय वाईट आहे?"

रेवतीने फोन ठेवला. बाळ तिच्या खांद्यावर होतं. दहा दिवस सगळे त्याला बाळ, सोनी, ठमी, माऊ, जे तोंडाला येईल ते म्हणत होते, आणि ते प्रत्येक हाकेला सारखंच, डोळे बारीक करून बघत होतं. जानकी काहीच वाईट नव्हतं. रेवतीने एकदा हळूच म्हणून पाहिलं. बाळाने जांभई दिली.

शनिवारी दुपारी तीनला दारावरची बेल न वाजवता कुणीतरी कडी हळू हळू आपटली. आईने दार उघडलं. दारात उत्तराबाई. दोन बस बदलून, आरे कॉलनीतली वळणं खात, हातात कुंच्याची, बाळलेण्यांची आणि घुगऱ्यांच्या हरभऱ्यांची पिशवी घेऊन त्या आल्या होत्या. तोंड आंबलेलं होतं. ते बसने किती आणि रागाने किती, हे सांगता आलं नसतं.

"या, या, विहीणबाई. फोन तरी करायचा," आई म्हणाली.

"केला ना," उत्तराबाई म्हणाल्या. "बुधवारी केला, गुरुवारी केला, काल केला, आज केला. दुपारी जेव्हा बघावं तेव्हा एंगेज. म्हटलं, सूनबाईंच्या मैत्रिणींना वेळ झाल्यावर सासरच्यांना लाइन मिळेल."

रेवती आवाज ऐकून खोलीतून बाहेर आली होती. स्कार्फातून तिला अर्धंच ऐकू आलं, पण तो नेमका कामाचा अर्धा भाग होता.

"दुपारी एंगेज?" तिने विचारलं. "आई, दुपारी फोन कोण वापरतं?"

"कुणी नाही," आई शांतपणे म्हणाली. "मी रिसिव्हर काढून ठेवते. बाळ दचकतं ना."

हॉलमधल्या फोनवर आईने विणलेलं क्रोशाचं झाकण असायचं. रेवतीने ते उचललं. खाली रिसिव्हर फोनच्या शेजारी, एका छोट्या उशीवर, दुपट्याचा तुकडा पांघरून निजला होता.

"उशी कशाला?" तिने विचारलं. खरं तर तिला दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

"काढून ठेवला की थोडा वेळ ओरडतो. मग दमतो."

चार दिवस रेवती ज्या दोन तासांत मोडेमशी झुंजत होती, नेमक्या त्याच दोन तासांत, तिच्याच सुखासाठी, लाइन झोपवून ठेवलेली होती. तिने रिसिव्हर उचलून जागेवर ठेवला, कानातला कापूस काढला आणि खोलीत गेली. आई म्हणाली, "अगं, वारा जाईल कानात." उत्तराबाई पिशवी धरून तिच्या मागोमाग गेल्या, कारण भांडण अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती, आणि त्यांच्या मागून आई.

तिने डायल केलं. मोडेमने टोन ऐकला, नंबर फिरवला, आणि मग ते किंचाळलं. कुणीतरी पत्र्यावर सुरी ओढत शंख फुंकावा तसा तो आवाज होता. तिघींनी एकदम पाळण्याकडे पाहिलं. बाळाने ओठ चोखल्यासारखे केले आणि मान दुसरीकडे वळवून झोपलं.

"हे चालतं वाटतं हिला," आई म्हणाली.

ईमेलचं पान वरून खाली, पदर उलगडावा तसं सावकाश उघडलं. पासवर्ड टाकताना रेवतीने दोघींना पाळण्याकडे बघायला लावलं. देवव्रतची पाच पत्रं होती. तिने पहिलं उघडलं, मंगळवारचं.

'नाव लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. इथे खलाशांच्या क्लबात बसलोय, शेजारी एक जण मोठ्याने क्रिकेटचा स्कोअर वाचतोय. नाव असं टाइप करून पाठवायची गोष्ट नाही, हे इथे आल्यावर कळलं. फोनच करतो. मला सकाळचे दोन तास सोडतात, तेव्हा तुमच्याकडे दुपार असते.'

बुधवारचं: 'एंगेज.' गुरुवारचं: 'एंगेज. कोणाशी बोलतेस एवढं?' शुक्रवारचं: 'बोरिवलीला लावला असता, पण आधी तुला सांगायचं ठरलंय. आईच्या पोटात काही राहणार नाही.'

"काय म्हणतो?" उत्तराबाईंनी विचारलं. त्यांचा चष्मा पिशवीत होता.

"तुमची आठवण काढलीय," रेवती म्हणाली, आणि आजचं उघडलं.

'शेवटचा प्रयत्न. तुमच्या साडेतीनला फोन करतो. मग जहाज सुटतं, पुढचं बंदर बावीस दिवसांनी. लागला नाही तर आई म्हणेल ते ठेवा. मी रागावणार नाही. थोडा रागावेन.'

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातल्या घड्याळात तीन एकोणतीस झाले होते.

आणि लाइन मोडेमकडे होती. रेवतीने पाककृतींची वही ओढली. अळिवाच्या खिरीपासून गुळपापडीपर्यंत चार पानं भरून केतनने जोडायचं कसं ते सांगितलं होतं. तोडायचं कसं, ते कुठेच नव्हतं. तिथवर कधी पोचलेच नव्हते ते दोघं. तिने दोन-तीन आज्ञा अंदाजाने दिल्या. मोडेम जोडलेलंच राहिलं. सहा दिवस ज्याच्यासाठी नाकदुऱ्या काढल्या, ते आता सोडायला तयार नव्हतं.

"काय झालं गं?" उत्तराबाई म्हणाल्या.

"त्यांचा फोन येतोय. आत्ता. हे बंद होत नाहीये."

"मग ओढ की," उत्तराबाई म्हणाल्या, आणि पिशवी खाली ठेवून त्यांनीच कॉम्प्युटरच्या मागची वायर हिसका देऊन काढली.

फोन तीन बत्तीसला वाजला. आईने सवयीने झडप घालायला हात पुढे केला, पण उत्तराबाई आधी पोचल्या.

"हॅलो? ... कोण केटरर? ... उद्या किती पानं ते उद्या सांगू. ठेवा." त्यांनी फोन ठेवला. "तुमच्या यजमानांना सांगा, लोकांना भलत्या वेळी नंबर देत जाऊ नका."

मग काहीच झालं नाही. तीन छत्तीस. आईने मुकाट्याने उशी आणि दुपट्याचा तुकडा उचलून कपाटात ठेवला. बाबा झोपेतून उठून दारात आले, आणि सगळ्या बायका फोनकडे बघतायत हे बघून तेही बघायला लागले. तीन एकोणचाळीसला लांब, परगावची घंटी वाजली. आत बाळ दचकून रडायला लागलं. रेवतीने रिसिव्हर उचलला.

"लागला!" देवव्रत ओरडला. मागे कुठल्यातरी भोंग्याचा आवाज येत होता. "अगं, होतीस कुठे?"

"इथेच," रेवती म्हणाली. "सांग."

त्याने सांगितलं. तिने ऐकलं. आई, बाबा, उत्तराबाई तिच्या चेहऱ्यावरून वाचायचा प्रयत्न करत होते. तिने काही दाखवलं नाही. "थांब," ती म्हणाली, आणि आत जाऊन रडणारं बाळ घेऊन आली. तिने रिसिव्हर बाळाच्या कानाला लावला.

"तूच सांग तिला," ती लांबूनच म्हणाली.

बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं असतं. पाळण्यापाशी वाकून, कुर्रर्र करून. तो मान देवव्रतच्या बहिणीचा, दिशाचा होता, आणि तिने त्यासाठी साडीला फॉल लावून ठेवला होता. हे रेवतीला माहीत होतं. उत्तराबाईंना तर तिच्याहून जास्त माहीत होतं. रिसिव्हरमधून बारीक, फाटका आवाज येत राहिला. बाळ रडायचं थांबलं नाही, पण मधे एकदा श्वास घ्यायला थांबलं तसं थांबलं, आणि मग पुन्हा सुरू झालं. लाइन कटली.

रेवतीने रिसिव्हर जागेवर ठेवला.

"काय ठेवलं?" उत्तराबाईंनी विचारलं.

"केतकी."

उत्तराबाई दिवाणावर बसल्या. पदराने चेहरा पुसला. "आमच्या देवगडच्या घरामागे वहाळाच्या पाण्याकाठी होती केतकी," त्या म्हणाल्या. "काटे लागायचे. लहानपणी देवव्रत जानकीआजीबरोबर जायचा तोडायला." मग त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, घातला आणि नातीकडे नीट पाहिलं. "पाळण्यातलं नाव जानकी राहू दे. हाक मारायला हे."

"चालेल," रेवती म्हणाली.

"आणि ते कानात सांगितलं ना आत्ता," उत्तराबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते दिशाला कळता कामा नये." त्यांनी आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "तुम्ही काही बघितलं नाहीत."

"मी आत्ताच उठलोय," बाबा म्हणाले.

रविवारी दिशाने वाकून, कुर्रर्र करून, बाळाच्या कानात नाव सांगितलं. बायकांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले. बाळ तिच्याकडे शांत बघत राहिलं. "बघ, लगेच ओळखलंन्," दिशा म्हणाली. उत्तराबाई घुगऱ्या वाटायला उठून गेल्या.

संध्याकाळी केतनचा फोन आला. नाव ऐकून ते आपल्यावरूनच ठेवलंय असं तो धरून चालला, आणि कुणी त्याला अडवलं नाही.

"पण ड्रायव्हर चालला कसा शेवटी?" त्याने विचारलं.

"तो बुधवारपासूनच चालत होता."

"मग प्रॉब्लेम काय होता?"

रेवतीने हॉलमध्ये पाहिलं. आई फोनवरचं क्रोशाचं झाकण सारखं करत होती. केतकी तिच्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून.

"बाळ झोपत होतं," रेवती म्हणाली.